मारहाण सिद्ध झाली, पण मूल कुठे राहणार?

वडिलांनी मुलाला पट्ट्याने मारलं. वळ शाळेतल्या बाईंनी पाहिले, डॉक्टरांनी पाहिले, बाल कल्याण समितीने पाहिले. वडील नाकारतही नव्हते. मग न्यायालयाने तपासायचं उरलं काय, असं कुणालाही वाटेल. या प्रकरणात जे उरलं होतं तेच महत्त्वाचं निघालं. मारलं हे सिद्ध होणं ही एक गोष्ट, आणि म्हणून मुलाला घरातून काढून बालगृहात ठेवणं ही दुसरी. समिती पहिलीवरून थेट दुसरीवर गेली. मधे जी चौकशी व्हायला हवी होती ती झालीच नव्हती, आणि अपिलात सगळा भर तिच्यावर आला.

आधी एक खुलासा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून इथलं कुटुंब, शाळा, समिती, न्यायालय कुणा एकाचं नाही. मुंबईच्या उपनगरांत अशी प्रकरणं ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलं आहे. कायदा, कलमं, मुदती आणि परदेशातले निकाल मात्र खरे आहेत.

घरात काय घडलं

भांडुप पश्चिमेला टेकडीच्या उतारावरची वस्ती. एक खोली, वर पोटमाळा. घरात आजी, आई, वडील आणि दहा वर्षांचा मुलगा, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत पाचवीला, दुपारच्या सत्रात. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. वडील ऐरोलीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत, बहुतेक रात्रपाळी. आई सकाळी सहापासून एका पोळी-भाजी केंद्रावर.

मुलाने आईच्या मोबाइलवरून दोन वेळा मिळून चारशे रुपये पाठवून गेममधले डायमंड घेतले. पिन त्याला पाठ होता, कारण केंद्रावरचे पैसे आले की नाही हे आई त्यालाच बघायला सांगायची. गुरुवारी सकाळी वडील रात्रपाळी करून आले, बँकेचा मेसेज त्यांनी वाचला, मुलाला विचारलं. मुलगा आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. वडिलांनी ड्यूटीचा पट्टा काढला. आजी मधे पडली, तिला बाजूला केलं. आई घरी नव्हती.

दुपारी मुलगा शाळेत गेला, पण बाकावर नीट बसेना. वर्गाच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘जिन्यावरून पडलो.’ बाईंनी त्याला बाजूला नेऊन पुन्हा विचारलं तेव्हा त्याने खरं सांगितलं, आणि पडलो असं सांगायला आईने फोनवरून बजावलं होतं तेही सांगितलं. ही शेवटची गोष्ट पुढे आईच्या विरोधात गेली.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की हा घरचा मामला आहे, पालकांना बोलावून समज देऊ. बाईंनी मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर, १०९८ वर, फोन लावला. इथे त्या बाईंबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. लैंगिक अत्याचाराचा संशय असता तर पोक्सोखाली कळवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. घरातल्या मारहाणीबाबत तसं स्पष्ट बंधन नाही. बाल न्याय अधिनियमातली सक्तीने कळवण्याची तरतूद हरवलेल्या, टाकून दिलेल्या, निराधार मुलांपुरती आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत मारायला बंदी करतं, घराबद्दल काही म्हणत नाही. म्हणजे बाई गप्प बसल्या असत्या तर कायद्याने त्यांना कुणी विचारलं नसतं. त्या गप्प बसल्या नाहीत. पुढे समितीचं काय चुकलं याची चर्चा करताना ही पहिली पायरी बरोबर पडली होती हे विसरायचं नाही.

संध्याकाळी महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी झाली. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला समांतर रेषांचे तीन वळ, डाव्या हाताच्या कोपराखाली एक, पोटरीवर एक पिवळट डाग. हाड मोडलेलं नाही, इजा साधी. हे वळ बोलतात. पट्टा किंवा काठी बसली की दोन्ही कडांना रक्त साकळतं आणि मधली पट्टी फिकट राहते, म्हणून रेषा जोडीने उमटतात. खेळताना पडलेल्या मुलाला लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कपाळाला. मांडीच्या मागे असं लागत नाही. कोपराखालचा वळ बहुधा मुलाने हात आडवा घातला तेव्हाचा. तेव्हा ‘पडलो’ ही कथा टिकणारी नव्हतीच.

समितीचा आदेश

कायद्याप्रमाणे मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे आणायचं असतं. शुक्रवारी दुपारी आणलं. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेलं पीठ. पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश झाला: चौकशी होईपर्यंत मूल बालगृहात. मला या अंतरिम आदेशात चूक दिसत नाही. वळ ताजे आहेत, वडील घरी आहेत, आईने खोटं सांगायला लावलं आहे, आणि खोली एकच आहे. त्या रात्री मुलाला परत पाठवणं धोक्याचं होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यायचा असतो, तो आला. चौकशी करणारे परिविक्षा अधिकारी घरी एकदाच गेले, सकाळी अकराला. आई केंद्रावर होती. वडिलांना त्याच वेळी पोलिस ठाण्यात जबाबाला बोलावलं होतं. घरी आजी एकटी, आणि तिला कमी ऐकू येतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘त्यांच्याकडे आवाज असतातच.’ या भेटीवर दोन पानांचा अहवाल तयार झाला. त्यात कुटुंबाचं उत्पन्न होतं, खोलीचं मोजमाप होतं, संडास सार्वजनिक असल्याची नोंद होती. ‘कौटुंबिक वातावरण बालकाच्या विकासास पोषक नाही’ हे वाक्य होतं. मारहाण याआधी किती वेळा झाली, कशाने झाली, घरात कोण कोणत्या वेळी असतं, मारताना कुणी अडवलं का, वडील दुसरीकडे राहू शकतील का, गावाला किंवा मुंबईत मुलाला सांभाळणारं कुणी आहे का, यातलं काही नव्हतं.

एकेका परिविक्षा अधिकाऱ्याकडे किती फायली असतात हे ज्याने पाहिलं आहे तो त्या माणसावर राग धरणार नाही. पण त्या दोन पानांवर एका मुलाचं पुढचं वर्ष ठरणार होतं, आणि फॉर्मचे रकाने भरले म्हणजे चौकशी झाली असं नसतं.

पहिल्या हजेरीनंतर एकोणिसाव्या दिवशी अंतिम आदेश झाला. त्यावर तीन सदस्यांच्या सह्या. आदेशात चार गोष्टी होत्या. मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेलं आहे, असं कलम २(१४) च्या तिसऱ्या खंडाखाली जाहीर केलं, कारण ज्याच्यासोबत ते राहतं त्या व्यक्तीने त्याला इजा केली. त्याच कलमाच्या पाचव्या खंडाखाली ‘दोन्ही पालक सांभाळण्यास अयोग्य’ अशी नोंद केली. पोटरीवरच्या पिवळट डागावरून ‘यापूर्वीही मारहाण झाल्याचे दिसते’ असं लिहिलं. आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलाला बालगृहात ठेवायचं ठरवलं.

आईचं म्हणणं वेगळं नोंदवलेलं नाही. रोजनाम्यात ‘पालक हजर, समज दिली’ एवढंच. मुलाच्या जबाबात ‘बाबांनी पट्ट्याने मारले’ हे आहे. त्याला कुठे राहायचं आहे हे विचारल्याची नोंद नाही.

आता आपल्याकडचा एक शब्द. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या आईबाप मुलांना दटावतात, ‘डोंगरीला टाकीन.’ डोंगरीच्या जुन्या रिमांड होमचं नाव शहरभर धाक म्हणून चालतं, बालगृह कुठल्याही उपनगरात असो. या मुलाच्या वडिलांनीही ते अनेकदा म्हटलं होतं. मुलाने पैसे उचलले, मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच त्याला ‘डोंगरीला’ नेलं. त्याच्या डोक्यात हिशेब सरळ बसला: मी चोरी केली म्हणून मला इथे ठेवलंय. बालगृहातल्या समुपदेशक ताईंच्या नोंदीत त्याचा प्रश्न आहे, ‘चारशे रुपये परत दिले तर सोडतील का?’ ज्या व्यवस्थेने मारणाऱ्याला जाब विचारायचा, तिने मार खाणाऱ्यालाच दुसऱ्यांदा शिक्षा दिली असं त्याला वाटत होतं. ही नोंद फाइलमध्ये होती. अंतिम आदेशात तिचा उल्लेखही नाही. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

दोन अपिलं

समितीच्या आदेशाने नाराज झालेली कुणीही व्यक्ती कलम १०१ नुसार तीस दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात, अपील करू शकते. इथे दोन अपिलं दाखल झाली, आणि ती दोन होती हेच निर्णायक ठरलं.

वडिलांनी खासगी वकील दिला. मागणी होती, आदेश पूर्ण रद्द करा. बाप आहे, चोरी केली म्हणून शिस्त लावली, एकदाच घडलं. आधी आईही त्याच अपिलावर सही करणार होती. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या तरुण वकिलीण बाईंनी तिला थांबवलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमचं म्हणणं आणि त्यांचं म्हणणं एकच आहे का, आधी घरी जाऊन ठरवा.’ आई दोन दिवसांनी परत आली आणि तिने वेगळं अपील केलं. त्यात मारहाण नाकारलेली नाही. ‘माझ्या मुलाला मारलं हे खरं आहे. मी त्याला खोटं बोलायला सांगितलं हेही खरं आहे. त्याला माझ्याकडे द्या, तुम्ही सांगाल त्या अटीवर.’ पालक एकत्र राहतात म्हणून त्यांचं हित एकच असतं, हे गृहीत धरून अशी प्रकरणं चालवली जातात. ते गृहीतक धोक्याचं आहे. वडिलांच्या अपिलाच्या सावलीत आईची बाजू कधी उजेडातच आली नसती.

वडिलांच्या वकिलांचे तीन मुद्दे होते.

पहिला मुद्दा जुना. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये, बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्याला काही मर्यादांत संरक्षण आहे. न्यायालयाने यावर फार वेळ घालवला नाही. ते संरक्षण गुन्ह्याच्या आरोपापासूनचं. समिती गुन्हा ठरवत नसते, मुलाला संरक्षण हवं का हे ठरवते. वडील फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटले तरी मूल संरक्षणाची गरज असलेलं ठरू शकतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खालच्या क्रूरतेच्या गुन्ह्याचं जे काय व्हायचं ते त्याच्या न्यायालयात होईल.

दुसरा मुद्दा अधिक विचार करायला लावणारा होता. अधिनियमात शारीरिक शिक्षेची व्याख्या आहे: शिस्त लावण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी जाणूनबुजून वेदना देणं, मग ते कुणीही केलेलं असो. पण तिच्यासाठी दंड सांगणारं कलम ८२ फक्त बालसंगोपन संस्थांतल्या लोकांना लागू होतं. वकिलांचा युक्तिवाद असा की संसदेने पालकांना मुद्दाम बाहेर ठेवलं. हे खरं आहे की भारतात घरातल्या मारण्यावर थेट बंदी घालणारा कायदा नाही. स्वीडनने ती १९७९ मध्ये घातली, आपल्या शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये. भारताने बालहक्क संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली, आणि त्या संहितेवर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००६ मध्ये स्पष्ट म्हटलं की कितीही सौम्य शारीरिक शिक्षा मुलाच्या हक्काविरुद्ध आहे. आपला कायदा अजून तिथे पोहोचलेला नाही, आणि त्याने पोहोचायला हवं असं माझं ठाम मत आहे. केंद्र सरकारच्याच २००७ च्या अभ्यासात तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं, आणि दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. एवढं सगळं ‘घरचा मामला’ म्हणून सोडून देता येत नाही. पण न्यायालयापुढचा प्रश्न तो नव्हता. संस्थेला दंड सांगणाऱ्या कलमात पालक नाहीत, म्हणून पालकाने केलेली इजा इजाच नाही, असं होत नाही. कलम २(१४) च्या तिसऱ्या खंडात ‘पालक असो वा नसो’ असे शब्दच आहेत.

तिसऱ्या मुद्द्यासाठी वकिलांनी न्यू जर्सी राज्यातल्या अपील न्यायालयाचा २०१० चा निकाल काढला. आठ वर्षांच्या, विकासात्मक अडचण असलेल्या मुलीला आईने खांद्यावर बुक्क्या मारल्या होत्या. बाल कल्याण यंत्रणेने तो छळ ठरवला होता. न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला. वळ होते, पण गंभीर इजा नव्हती, प्रसंग एकटा होता, आई एकटीने सगळं ओढत थकलेली होती आणि पुढे तिने सहकार्य केलं होतं. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने किशोरवयीन मुलीला सावत्र आईने अधूनमधून मारलेल्या चापटीला छळ म्हणायला नकार दिला.

आईच्या वकिलीण बाईंनी लगेच दाखवलं की त्याच राज्यात त्याच २०१० साली दुसरा निकाल उलटा गेला आहे. तिथे आईने लहान मुलीला फळीने मारलं होतं, मारण्याची सवय दिसत होती, आणि यंत्रणेचा निष्कर्ष कायम राहिला. न्यायाधीशांनी दोन्ही निकाल बाजूला ठेवले. तिथला कायदा अतिरेकी शारीरिक शिक्षेला छळ म्हणतो, म्हणून तिथली न्यायालयं अतिरेक कुठे सुरू होतो ते शोधत बसतात. आपल्या कायद्यात ती पायरीच नाही. शिवाय तिथल्या निष्कर्षाने पालकाचं नाव सरकारी नोंदवहीत चढतं, तेव्हा लढाई त्या नावासाठीही असते. आपल्याकडे लढाई मुलाच्या मुक्कामाची आहे. तरी त्या निकालांतून एक गोष्ट उचलण्यासारखी होती आणि न्यायाधीशांनी ती उचलली: त्या न्यायालयांनी वळ मोजून थांबायला नकार दिला. घटना का घडली, एकदा की वारंवार, पालक आता काय म्हणतो, हे त्यांनी तपासलं.

चेंबरमधली भेट

न्यायाधीशांनी समितीची मूळ फाइल मागवली, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून नवा अहवाल मागवला आणि मुलाला चेंबरमध्ये भेटल्या. वकील नाहीत, पालक नाहीत, फक्त समुपदेशक ताई.

मुलगा जे बोलला त्याने कुणाचीच बाजू पूर्ण राखली नाही. त्याला घरी जायचं होतं. आई हवी होती, आजी हवी होती, शाळा हवी होती. सहामाही बुडाली याचं त्याला फार वाईट वाटत होतं. बाबांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला की बाबा सकाळी येऊन झोपेपर्यंत तो पोटमाळ्यावर बसतो आणि आवाज करत नाही. याआधी हाताने मारलंय, पट्ट्याने पहिल्यांदाच. आणि एक विनंती केली: तो पट्टा कपाटामागे लटकवलेला असतो, तो तिथून काढायला सांगा.

नव्या अहवालासाठी अधिकारी तीनदा गेले, त्यातली एक भेट सकाळी सातला, वडील कामावरून यायच्या सुमाराला. घरात कोण केव्हा असतं याचा तक्ता त्यात होता. वडिलांचे सख्खे भाऊ दिव्याला राहतात आणि काही महिने त्यांना ठेवून घ्यायला तयार आहेत, हे त्यात होतं. आई केंद्रावरची वेळ बदलू शकते का याबद्दल केंद्रचालक बाईंशी बोलणं झालेलं होतं. पहिल्या अहवालात हे सगळं विचारता आलं असतं.

आईला न्यायाधीशांनी थेट विचारलं की मुलाला खोटं का बोलायला लावलं. ती म्हणाली, ‘साहेब, वाटलं खरं सांगितलं तर पोराला डोंगरीला नेतील. आणि तेच झालं.’ या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. आईने मारहाण झाकली हे तिच्या विरोधातच जातं. पण मूल हिरावलं जाईल या भीतीने घरं गप्प बसत असतील, तर प्रत्येक घाईचा बालगृहाचा आदेश पुढच्या दहा घरांना गप्प राहायला शिकवतो. त्याची किंमत पुन्हा मुलांनीच मोजायची असते.

निकाल

वडिलांचं अपील फेटाळलं. तिसऱ्या खंडाखालचा निष्कर्ष कायम राहिला: पट्ट्याने वळ उठेपर्यंत मारणं ही इजा आहे, हेतू शिस्तीचा असला तरी.

आईचं अपील मंजूर झालं. पाचव्या खंडाखालची ‘दोन्ही पालक अयोग्य’ ही नोंद रद्द झाली. कारण ती नोंद करायची तर पालक मुलाला सांभाळायला असमर्थ आहे हे वेगळं तपासावं लागतं. आई घटनेच्या वेळी घरी नव्हती, तिचं म्हणणं कधी ऐकलं गेलं नाही, आणि अधिनियमाच्या कलम ३ मध्येच नैसर्गिक न्यायाचं तत्त्व लिहिलेलं आहे: निष्पक्ष सुनावणी मिळायलाच हवी. एका पालकाच्या कृत्यावरून दुसऱ्याला अयोग्य ठरवता येत नाही.

पिवळट डागावरून काढलेला ‘यापूर्वीही मारहाण’ हा निष्कर्षही गेला. डॉक्टरांनी फक्त रंग लिहिला होता, वय लिहिलं नव्हतं, आणि रंगावरून वळाचं वय सांगणं भरवशाचं नाही हे न्यायवैद्यकशास्त्रात मान्य आहे. पोटरीवरचा तो डाग खेळतानाचाही असू शकत होता. याआधीचं मारणं न्यायालयाने मुलाच्या बोलण्यावरून मान्य केलं, तर्कावरून नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, पण आता तो मुलाच्या शब्दावर उभा होता.

बालगृहाचा आदेश टिकला नाही. कलम ३ म्हणतं की मुलाला संस्थेत ठेवणं हा वाजवी चौकशीनंतरचा शेवटचा उपाय आहे. एका भेटीचा, आईला न भेटता लिहिलेला अहवाल ही वाजवी चौकशी नव्हे. कलम ३७ मध्ये देखरेखीखाली पालकांकडे परत देण्याचा मार्ग आहे, आणि समितीने तो का नाकारला याचं एकही कारण आदेशात नव्हतं. मुलाला आईच्या ताब्यात द्यायचं ठरलं. अटी अशा: सहा महिने देखरेख, दर पंधरवड्याला भेट, त्यातली काही न कळवता. वडिलांनी स्वतः दिलेल्या हमीपत्राप्रमाणे पहिले तीन महिने दिव्याला भावाकडे राहायचं, रविवारी आजीसमोर मुलाला भेटायचं, समुपदेशनाला जायचं. समुपदेशकाने मुलाला समजेल अशा भाषेत सांगायचं की त्याला बालगृहात ठेवलं ते चोरीची शिक्षा म्हणून नव्हे. आणि पट्टा घरात राहणार नाही. निकालपत्रात या अटीला स्वतःचा क्रमांक आहे.

अपील तीस दिवसांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. समितीची फाइल यायलाच वेळ गेल्याने दोन महिने लागले.

उलट्या बाजूचं काय

या प्रकरणाच्या आडून एक पोकळी दिसते, ती सांगायलाच हवी. समजा समितीने उलटं ठरवलं असतं: बापाने शिस्त लावली, मुलाला संरक्षणाची गरज नाही, घरी पाठवा. मग त्या बाई, आजी किंवा आणखी कुणी अपिलात जाऊ शकलं असतं का? नाही. मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेलं नाही या निष्कर्षावर अपील चालत नाही, असं कलम १०१ मध्येच लिहिलं आहे. उरतो तो कलम १०२ खालचा उच्च न्यायालयाचा पुनरीक्षणाचा, म्हणजे खालचा आदेश मागवून तपासण्याचा, अधिकार. भांडुपच्या टेकडीवरच्या कोणत्या आजीला तो मार्ग सापडणार? मूल घरातून काढण्याच्या चुकीवर जवळचं न्यायालय आहे, मूल घरी पाठवण्याच्या चुकीवर फोर्टातलं उच्च न्यायालय. दोन्ही चुका मुलालाच भोवतात. हा असमतोल बदलायला हवा. तो बदलेपर्यंत समितीने ‘गरज नाही’ असं लिहिताना कारणं अधिक काटेकोर लिहायला हवीत, कारण तो आदेश वाचणारं पुढे बहुधा कुणी नसतं.

पुढे काय झालं

मुलगा घरी आला, त्याच शाळेत, त्याच वर्गात. बाईंनी सहामाहीचा अभ्यास जादा वेळ देऊन भरून काढला. वडील दिव्याला राहिले. समुपदेशनाला पहिल्या दोन वेळा आलेच नाहीत, रात्रपाळीचं कारण दिलं. समितीने नोटीस काढल्यावर यायला लागले. देखरेखीच्या भेटी पहिले दोन महिने ठरल्याप्रमाणे झाल्या, नंतर महिन्याला एकीवर आल्या.

चौथ्या महिन्यात वडील घरी परतले आणि आठ-दहा दिवसांत अभ्यासावरून मुलाला एक थप्पड बसली. या वेळी आईने झाकलं नाही. तिने स्वतः अधिकाऱ्यांना फोन केला आणि म्हणाली, ‘मॅडम, सांगायचं ठरलं होतं म्हणून सांगते.’ मूल हलवायचं का यावर समितीत चर्चा झाली. या वेळी मुलाला आधी विचारलं गेलं, आईला वेगळं ऐकलं गेलं, वडिलांना वेगळं. आदेश दोन पानांचा झाला आणि त्यात कारणं होती: मूल घरीच राहील, वडील पुन्हा सहा आठवडे दिव्याला, समुपदेशन चालू, देखरेखीची मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवली.